कॅरव्हॅनची सुट्टी देशात की परदेशात? खर्च आणि हवामान एकाच हिशोबात कसं बसवायचं

कॅरव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, सुट्टीचा विचार बहुतेक घरांत दोन तुकड्यांत होतो. खर्चाचा हिशोब कागदावर मांडला जातो आणि हवामानाचा विषय ‘तिकडे ऊन छान असतं’ एवढ्यावर सोडून दिला जातो. मग खर्च पाहिला की देश बरा वाटतो, ऊन आठवलं की परदेश. दोन्ही एकाच मापाने मोजायचे असतील तर एकूण खर्चाला रात्रींनी भागू नका, चांगल्या हवेच्या दिवसांनी भागा. कॅरव्हॅनमध्ये हवा बिघडली की दिवसच वाया जातो, कारण आत दोन पावलं टाकायला जागा नसते. हा भागाकार केला की एक गोष्ट लख्ख दिसते: परदेश परवडणार की नाही हे कोणता देश यापेक्षा तुम्ही तिथे किती दिवस राहता यावर जास्त ठरतं.

आधी ‘चांगला दिवस’ ठरवा

नकाशा उघडण्याआधी चार आकडे लिहून ठेवा: दुपारचं तापमान किती ते किती चालेल, रात्रीचं किमान किती ते किती, दिवसभरात किती पाऊस खपवून घ्याल आणि वाऱ्याचा झोत किती जोराचा चालेल. मुलं बरोबर असतील तर सुरुवातीला दुपारी १८ ते ३० अंश सेल्सिअस, रात्री ८ ते २० अंश, पाऊस २ मिलिमीटरच्या आत आणि झोत ताशी ५० किलोमीटरच्या खाली धरा. डोंगरात चालायला जाणाऱ्यांना वरची मर्यादा २५ पुरे. समुद्रात डुंबायचं असेल तर खालची मर्यादा २४ वर न्या.

रात्रीचा आकडा लोक हमखास विसरतात. कॅरव्हॅनची भिंत जेमतेम तीन सेंटिमीटर जाड असते आणि दिवसभर तापलेलं छप्पर मध्यरात्रीपर्यंत उष्णता आत सोडत राहतं. पारा रात्री २४ च्या खाली उतरत नसेल आणि दवबिंदू (हवेतल्या वाफेचं दव होतं ते तापमान) २० च्या वर असेल तर खिडक्या उघड्या ठेवूनही झोप लागत नाही. तिसऱ्या दिवशी सगळेच चिडचिडे होतात. असा दिवस कागदावर कितीही उन्हाचा दिसला तरी तो ‘चांगला’ धरू नका.

मग त्या जागेचे दिवस मोजा

जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार हवामानाची सरासरी ३० वर्षांची काढतात. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड वापरला जातो. दहा-वीस जागांतून तीन निवडायला ही सरासरी चांगली आहे, पण अंतिम निर्णयाला पुरत नाही. दुपारची सरासरी २४ अंश म्हणजे रोज २४ असेलच असं नाही. आठवडाभर ३२ आणि पुढचा आठवडाभर १६ यांचीही सरासरी तीच येते. मासिक पावसाचंही तसंच. १०० मिलिमीटर पाऊस चार वादळी संध्याकाळींत पडला तर २६ दिवस कोरडे मिळतात, आणि तोच रिमझिम पडला तर १८ दिवस आत बसून काढावे लागतात. म्हणून मिलिमीटर पाहण्याआधी पावसाचे दिवस पाहा. बहुतेक तक्त्यांत १ मिलिमीटर किंवा अधिक पावसाचा दिवस ‘पावसाचा’ धरतात.

निवडलेल्या तीन जागांसाठी रोजच्या नोंदी मिळवा. राष्ट्रीय हवामान खात्यांच्या केंद्रांच्या नोंदी सर्वांत भरवशाच्या. त्या मिळाल्या नाहीत तर ईआरए५ हा युरोपीय हवामान केंद्राचा जुन्या नोंदींचा संच १९४० पासूनचा आहे आणि फुकट मिळतो. त्याची जाळी मात्र सुमारे ३१ किलोमीटरची असते. दरी, शिखर आणि किनारा एकाच चौकोनात आले तर तिघांचा आकडा एकच दिसतो.

आता तुमच्या पंधरवड्याच्या मागच्या दहा वर्षांच्या ओळी काढा. दहा वर्षांचे १४ दिवस म्हणजे १४० ओळी. चारही अटींत बसणाऱ्या दिवसाला १, एकच अट थोडक्यात हुकली तर अर्धा, बाकी शून्य. बेरजेला १४० ने भागा. ९१ आले तर हिस्सा ६५ टक्के. हेच काम देशातल्या जागेसाठीही तितक्याच कडकपणे करा. ओळखीच्या ठिकाणाला आपण नकळत जास्त गुण देतो.

उंचीची दुरुस्ती विसरू नका. दर १००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. हवामान केंद्र ५० मीटरवरच्या शहरात आणि कॅम्पसाइट (कॅरव्हॅन उभी करून राहायची जागा) ११५० मीटरवर असेल तर तिथली दुपार सात अंशांनी थंड धरा. कडक उन्हाळ्याच्या देशात हाच फरक कामाला येतो, कारण किनाऱ्यावर ३५ अंश असताना दोन तासांवरच्या डोंगरात २७-२८ असतात.

वारा सरासरीत कधीच दिसत नाही, पण कॅरव्हॅनला सगळ्यांत जास्त तोच छळतो. फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यात मिस्त्राल उत्तरेकडून सुटतो, एड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावर बोरा डोंगरावरून कोसळतो आणि एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी दिवसच्या दिवस वाहतो. आकाश निळंभोर असतं आणि ऑनिंग (दाराबाहेरचं कापडी छत) मात्र उतरवून ठेवावं लागतं. झोत ताशी ६० किलोमीटरच्या वर गेले तर कॅरव्हॅन जोडून रस्त्यावर निघू नका, विशेषतः उंच पुलांवरून. त्यामुळे वाऱ्याच्या पट्ट्यातून जाणाऱ्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवावा लागतो, आणि तोही सुट्टीतूनच जातो.

ऋतूंचं गणितही तपासा. दक्षिण गोलार्धात जानेवारी हा भर उन्हाळा असतो. उत्तर ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर ते एप्रिल ओला हंगाम असतो आणि तेव्हा रस्तेच पाण्याखाली जातात. समुद्राचं पाणी हवेपेक्षा उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. म्हणून भूमध्य समुद्रात पोहायला सप्टेंबर हा जूनपेक्षा चांगला, आणि तोवर गर्दीचे दरही उतरलेले असतात.

प्रवासात किती दिवस जातात

गाडीला कॅरव्हॅन जोडली की थांबे धरून सरासरी वेग ताशी ६० ते ६५ किलोमीटरच्या वर क्वचितच जातो. चालक एकच असेल तर दिवसाला ४५० किलोमीटर पुरेत. जास्त रेटलं तर थकवा येतो, आणि कॅरव्हॅन डुलू लागली की थकलेला चालक चुकीच्या क्षणी ब्रेक दाबतो. १४०० किलोमीटर म्हणजे जाताना तीन दिवस आणि येताना तीन. पंधरा दिवसांच्या सुट्टीतले सहा तिथेच संपले. देशातली जागा ३०० किलोमीटरवर असेल तर जाताना अर्धा दिवस, येताना अर्धा.

वेग वाढवून हे भरून काढायचा मोह होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. शिवाय अनेक देशांत कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाडीची वेगमर्यादा वेगळी असते. जर्मनीत ती ताशी ८० आहे आणि १०० ने जायचं तर कॅरव्हॅनला तशी मान्यता लागते.

खर्च: काय धरायचं, काय सोडायचं

कॅरव्हॅन ठेवण्याची जागा, वार्षिक विमा, देखभाल आणि घसारा कुठेही गेलात तरी तेवढेच असतात. घरी बसलात तरी ते चुकत नाहीत. तुलनेतून ते काढून टाका, नाहीतर दोन्ही बाजू सारख्या फुगतात आणि फरक छोटा दिसतो. जेवणखाणाचंही तसंच, फक्त बाहेर खाण्याचं प्रमाण बदलणार असेल तर तेवढा फरक धरा.

इंधनासाठी कंपनीचा आकडा वापरू नका. टाकी काठोकाठ भरा, कॅरव्हॅन जोडून किमान २०० किलोमीटर जा, पुन्हा काठोकाठ भरा. लागलेल्या लिटरांना किलोमीटरांनी भागून १०० ने गुणा. एकट्या गाडीला शंभराला ७ लिटर लागत असतील तर कॅरव्हॅनसह १० ते ११ लागणं नेहमीचं आहे, आणि समोरून वारा असेल तर त्याहून जास्त.

टोलचे वर्ग देशागणिक बदलतात. फ्रान्समध्ये वर्ग मुख्यतः वाहनाच्या उंचीवरून आणि वजनावरून ठरतो. ऑस्ट्रियात साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीच्या व्हिनेटमध्ये (ठरावीक मुदतीच्या रस्ताशुल्कात) मागची कॅरव्हॅन येते, पण स्वित्झर्लंडमध्ये तिला स्वतंत्र व्हिनेट लागतं. मार्ग या दोन्ही देशांतून जात असेल तर हिशोब वेगळा करा. फेरीबोटीचं भाडं लांबी आणि उंचीवर असतं. गाडीच्या पुढच्या बंपरपासून कॅरव्हॅनच्या मागच्या टोकापर्यंत टेपने मोजा. त्यात ओढदांडा आणि मागचा सायकलस्टँड धरा, आणि उंची मोजताना छपरावरचा अँटेना. कागदोपत्री लांबी कमी सांगितली तर बंदरावर फरक भरावा लागतो, आणि जहाज भरलेलं असेल तर जागाच मिळत नाही.

कॅम्पसाइटचा जाहीर दर म्हणजे तुमचं बिल नव्हे. कुठे जागेचा दर असतो आणि माणशी वेगळे आकारतात, कुठे वीज आणि पर्यटनकर वेगळे, तर कुठे कुत्र्याचे आणि ऑनिंगचेही. तुमच्या कुटुंबाची एका रात्रीची पूर्ण बेरीज लेखी मागवा आणि तीच लिहा. युरोपात हंगामाबाहेर एसीएसआय या कॅम्पिंग कंपनीच्या कॅम्पिंगकार्डावर दोन प्रौढांसाठी ठरावीक दर मिळतो. शाळेच्या सुट्ट्यांशी बांधलेले नसाल तर सप्टेंबरच्या परदेशाचं गणित याने उलटं होऊ शकतं.

चलनबदलाचा फटका वेगळ्या ओळीत लिहा. कार्डाचं परदेशी शुल्क आणि दरातला फरक मिळून तीन टक्के धरले तर वावगं नाही. कार्डयंत्र ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारतं तेव्हा नेहमी तिथलं चलन निवडा, कारण दुसऱ्या पर्यायात दुकानदाराच्या बँकेचा दर लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो.

विम्याचे नियम बारकाईने वाचा. परदेशातले दिवस किती, रस्त्यात बंद पडलेली गाडी ओढून नेण्याच्या सेवेत कॅरव्हॅनची लांबी-वजन बसतं का, आणि गाडी दुरुस्त होत नसेल तर कॅरव्हॅन घरी कोण आणणार? ही तिसरी ओळ नसेल तर एक बिघाड अख्ख्या सुट्टीपेक्षा महाग पडतो. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना एक वर्ष चालतो, १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा तीन वर्षांपर्यंत. कोणत्या देशाला कोणता चालतो ते सीमेवर पोचण्याआधी पाहा. इराण, इजिप्तसारख्या देशांत गाडी न्यायला कार्ने (गाडी तात्पुरती आणल्याचा सीमाशुल्काचा दाखला) लागतं आणि त्यासाठी मोठी हमी किंवा अनामत अडकून पडते. ती परत मिळते, पण तोवर हातात नसते. युरोपीय संघातल्या किंवा शेंगेन देशांचे नागरिक नसाल तर शेंगेन भागात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा लांबलचक बेताला कात्री लावते.

सगळं एकत्र करून पाहू

किमती जागोजाग वेगळ्या, म्हणून उदाहरणात सगळा खर्च ‘इंधनाच्या लिटरांत’ मांडला आहे. तुम्ही आपापल्या चलनात लिहा, रीत तीच.

देशातली जागा ३०० किलोमीटरवर, रात्रीचा दर २० लिटरांइतका, चांगल्या दिवसांचा हिस्सा ५० टक्के. परदेशातली १४०० किलोमीटरवर, रात्रीचा दर १६, हिस्सा ८५ टक्के. शिवाय जातायेता चार मुक्काम प्रत्येकी १५, टोल-फेरी १२०, जादा विमा ५० आणि वरचा चलनबदल. कॅरव्हॅनसह शंभराला ११ लिटर, तिथे एकट्या गाडीने फिरताना ७.

चौदा रात्री देशात: प्रवासाचं इंधन ६६, आसपास फिरायला १४, मुक्काम २८०. एकूण ३६०. हाती १४ दिवस, चांगले ७. एका चांगल्या दिवसाला ५१ लिटर.

चौदा रात्री परदेशात: प्रवासाचं इंधन ३०८, फिरायला २१, वाटेतले मुक्काम ६०, तिथल्या दहा रात्री १६०, टोल-फेरी १२०, विमा ५०, चलनबदल १२. एकूण ७३१. सहा दिवस रस्त्यात गेल्यावर हाती ९, त्यातले चांगले साडेसात. एका चांगल्या दिवसाला सुमारे ९६ लिटर. एवढा खर्च करून चांगला दिवस जेमतेम अर्धा जास्त मिळाला.

आता २८ रात्री धरा. देशात एकूण ६५४, चांगले दिवस १४, म्हणजे दिवसाला ४७. परदेशात एकूण ९८४, चांगले दिवस साडेएकोणीस, म्हणजे दिवसाला ५०. जवळजवळ बरोबरी. आणि ४२ रात्रींना देशात ४५, परदेशात ३९. रस्त्याचा खर्च आणि रस्त्यातले दिवस एकदाच जातात, पुढची प्रत्येक रात्र स्वस्त पडते. त्यामुळे सुट्टी दोन आठवड्यांचीच असेल तर आमचा स्पष्ट सल्ला असा: देश बदलण्याआधी महिना बदलून पाहा. देशातला हिस्सा ५० वरून ६५ वर गेला तर दिवसाचा खर्च ५१ वरून चाळिशीच्या आत येतो, तेही एक लिटर जास्त न जाळता.

याच हिशोबात आणखी एक ओळ हवी. चौदा रात्रींच्या दोन्ही प्रवासांत प्रत्यक्ष जळणाऱ्या इंधनाचा फरक २४९ लिटरांचा आहे. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा सुमारे २.६. म्हणजे पावणेसहाशे ते साडेसहाशे किलो जादा. चांगल्या हवेच्या शोधात निघताना हा आकडा डोळ्यांसमोर असावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

हवामान बदललं की कॅरव्हॅनमध्ये काय अडतं

थंडीत आधी गॅस अडतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणून शून्याच्या आसपास सिलिंडर भरलेला असूनही शेगडी मिणमिणते. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, म्हणून कडक थंडीतही चालतो. थंड प्रदेशात प्रोपेनच न्या. हीटरला सरासरी २ किलोवॉट लागले आणि तो रात्री १० तास चालला तर २० युनिट होतात. प्रोपेनच्या एका किलोत सुमारे १२.८ युनिट उष्णता असते, म्हणजे रात्रीला दीड किलोहून जास्त गॅस. ११ किलोचा सिलिंडर आठवडाभरच पुरतो. परदेशात सिलिंडरची जोडणी वेगळी असते आणि तुमचा रिकामा तिथे बदलून मिळेलच असं नाही. तिथला सिलिंडर आणि जोडतुकडा घ्यावा लागला तर तोही खर्चात धरा.

गॅसची शेगडी पेटवून आत ऊब आणण्याचा प्रयत्न कधीच करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा धोका जिवावरचा आहे. शिवाय एक किलो प्रोपेन जळताना १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. चार माणसं झोपेत रात्रभरात लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी श्वास-घामातून सोडतात ते वेगळंच. हे सगळं थंड खिडक्यांवर आणि गाद्यांच्या खाली साचतं, आणि आठवडाभरात बुरशीचा वास येऊ लागतो. छपरावरची झडप थंडीतही बोटभर उघडी ठेवा आणि गाद्या भिंतीपासून दोन बोटं दूर सरकवा.

उन्हाळ्यात पाळी फ्रिजची. घरात वापरायच्या फ्रिजवर हवामानवर्ग लिहिलेला असतो: एन वर्ग १६ ते ३२ अंशांसाठी, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. कॅरव्हॅनमधला गॅसवर चालणारा शोषण-फ्रिज बाहेर ३२-३५ झाले की हातपाय गाळतो. त्याला सरळ पातळी लागते, म्हणून कॅरव्हॅन उभी केल्यावर लेव्हल ठेवून पाहा. फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्या दुपारच्या उन्हात येणार नाहीत अशी दिशा निवडा, आणि निघण्याच्या आदल्या रात्रीच फ्रिज चालू करा. सावली शोधताना पश्चिमेकडचं झाड पाहा. सकाळचं ऊन सोसतं, तीन ते सातमधलं सोसत नाही.

एअर कंडिशनर घ्यायच्या आधी वीजजोडणी किती अँपिअरची ते विचारा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट, १० म्हणजे २३००, १६ म्हणजे ३६८०. सहावर एसी चालू असताना किटली लावली की फ्यूज गेलाच. काही ठिकाणी जास्त अँपिअरचा दर वेगळा असतो, म्हणजे उष्ण प्रदेशाची रात्र जाहीर दरापेक्षा महाग पडते. सौरपॅनेलवर भिस्त असेल तर अक्षांश पाहा: ५० अंश उत्तरेला आडवं पॅनेल डिसेंबरात जूनच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी वीज देतं.

टायरमधली हवा निघायच्या दिवशी, टायर थंड असताना तपासा. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो आणि तापतो, आणि गरम डांबरावर फुटतो. कॅरव्हॅन वर्षभर उभी असल्याने टायरची नक्षी नवी दिसते पण रबर जुनं झालेलं असतं. बाजूवर चार आकडी तारीख असते: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच ते सात वर्षांनंतर लांबच्या प्रवासाला ते टायर नेऊ नका. परदेशाच्या बेतात सामान जास्त जातं, म्हणून भरलेली कॅरव्हॅन वजनकाट्यावर नेऊन मोजा. हुकवर पडणारं वजन एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवा. ते कमी झालं की कॅरव्हॅन शेपटीसारखी डुलते.

तिसरा पर्याय

विमानाने जाऊन तिथेच मोटारहोम (आतच राहायची सोय असलेली मोटार) भाड्याने घेतली तर रस्त्यातले सहा दिवस वाचतात, म्हणून दोन आठवड्यांच्या दूरच्या सुट्टीला हा पर्याय तपासायलाच हवा. पण दिवसाच्या दरात किलोमीटरची मर्यादा, अंथरूण-भांड्यांचा संच, गॅस, दुसऱ्या शहरात गाडी सोडल्यास जादा आकार आणि नुकसानीतला तुमचा वाटा काय ते विचारा. अनामतीची रक्कम कार्डावर अडकते, तेवढी मर्यादा शिल्लक ठेवा. गाडी ताब्यात घेताना छपरासह चारही बाजूंचं चित्रण करा, कारण बहुतेक वाद छपराच्या कोपऱ्यावरच्या ओरखड्यांवरून होतात.

परत आल्यावर त्या पंधरवड्यातले चांगले दिवस त्याच चार अटींनी मोजा आणि तुमच्या टक्केवारीशेजारी लिहा. दोन-तीन सुट्ट्यांनंतर फरक नेहमी एकाच बाजूला पडत असेल तर हवामानाला दोष देण्याआधी अटी बदला. बहुधा रात्रीच्या तापमानाची मर्यादा ढिली धरलेली असते.